एका ओळीचे व्याकरण : ‘टूडू-टेक्स्ट’ ही कामयादीची पद्धती आणि मराठी नोंद

यादी हा लेखनप्रकार व्याकरणकारांनी बहुधा वगळलेला आहे. तिच्यात वाक्ये नसतात, असली तर ती अपुरी असतात. कर्ता गाळलेला असतो, क्रियापद कधी असते, कधी नसते. आणि लिहिणारा व वाचणारा बहुतेक वेळा एकच असतो. जॅक गुडी या मानवशास्त्रज्ञाने १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द डोमेस्टिकेशन ऑफ द सॅव्हेज माइंड’ या ग्रंथात यादीला एक स्वतंत्र प्रकरण दिले, आणि लेखनविद्येमुळे मनुष्याच्या विचारपद्धतीत जो पालट झाला त्यात यादीचा वाटा मोठा असल्याचे दाखविले. तेथे विचार आहे तो मुख्यतः प्राचीन याद्यांचा. प्रस्तुत लेखात घेतलेली यादी अगदी आजची, संगणकावर ठेवली जाणारी व कमांड लाइनवरून चालविली जाणारी आहे. तिचे नियम एका पानात मावतात. म्हणूनच एक लहानशी भाषा या नात्याने तिचे परीक्षण करणे शक्य आहे आणि ते उपयुक्तही ठरेल, कारण विभागातील संशोधक विद्यार्थी अशा याद्या ठेवू लागले आहेत, आणि त्यांपैकी अनेक जण मराठीत विचार केलेली कामे रोमन लिपीत किंवा तुटक इंग्रजीत नोंदवितात असे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आहे. विचारले असता ‘त्यात मराठी नीट चालत नाही’ असे उत्तर मिळते. हे उत्तर कितपत खरे आहे हे तपासणे हा या लेखाचा हेतू होय.

पद्धतीचे नाव ‘टूडू डॉट टेक्स्ट’. पुढे सोयीसाठी ‘टूडू-टेक्स्ट’ म्हणू. २००६ साली जीना ट्रपानी यांनी ती प्रचारात आणली. साध्या मजकुराची एक फाइल. तिच्यातील प्रत्येक ओळ म्हणजे एक काम. ओळीच्या आरंभी कंसात एक मोठे रोमन अक्षर असेल तर तो कामाचा अग्रक्रम. त्यानंतर, हवा असल्यास, नोंदीचा दिनांक. ओळीत कोठेही + चिन्ह लावलेला शब्द आला तर तो ज्या प्रकल्पाचे ते काम आहे त्याचे नाव समजावयाचा. @ चिन्ह लावलेला शब्द आला तर ते काम ज्या ठिकाणी वा ज्या साधनाने करावयाचे त्याचे. काम संपले की ओळीच्या अगदी आरंभी रोमन लहान एक्स, मग एक मोकळी जागा. प्रकल्प आणि प्रसंग ही विभागणी डेव्हिड ॲलन यांच्या २००१ सालच्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ या पुस्तकाने लोकप्रिय केलेली आहे. नियम जवळजवळ एवढेच.

आपल्या वाचकाला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. कीर्द आणि खतावणी यांचा भेद ज्याला ठाऊक आहे त्याला ती लगेच उमजेल. फाइल ही कीर्द आहे : जसजसे सुचेल तसतसे, एकाखाली एक. खतावणी निराळी लिहावी लागत नाही, कारण प्रत्येक ओळ आपले खाते स्वतःच बरोबर घेऊन हिंडते, आणि ‘+प्रबंध’ असे विचारले की त्या खात्याचे पान क्षणात तयार होते. पाहून झाले की ते पान नाहीसे होते. मूळ कीर्द जशीच्या तशी राहते. या पद्धतीचे सारे सामर्थ्य येथे आहे. प्रोग्रॅम उद्या मोडला, हरवला, विकला गेला तरी फाइल कोणत्याही मजकूर-संपादकात उघडते आणि डोळ्यांनी वाचता येते.

फाइल हाताने लिहिता येतेच. परंतु तिच्याबरोबर एक छोटा शेल-प्रोग्रॅमही मिळतो व तो कमांड लाइनवरून चालतो. आज्ञा रोमन लिपीत द्याव्या लागतात; येथे त्या उच्चारानुसार दिल्या आहेत. ‘ॲड’ने ओळ वाढते, ‘एलएस’ने यादी दिसते, ‘प्राय’ने अग्रक्रम लागतो, ‘डू’ने काम झाल्याची खूण होते. (‘डू’ या आज्ञेने काम होत नाही, ते झाल्याचे केवळ जाहीर होते, ऑस्टिनच्या वाचकांना हे नाव मौजेचे वाटेल.) आतमध्ये ‘ग्रेप’, ‘सॉर्ट’, ‘सेड’ ही युनिक्सच्या परंपरेतील जुनी साधने आहेत. ही साधने मजकुराचा अर्थ पाहत नाहीत, बाइटांची जुळणी पाहतात. पुढील विवेचनात ही गोष्ट वारंवार उपयोगी पडेल.

आता मराठीविषयीच्या तक्रारी. सर्वांत आधी ऐकू येते ती सर्वांत क्षुल्लक आहे : पूर्णतेची खूण रोमन, अग्रक्रमाचे अक्षर रोमन, दिनांकाचे आकडेही रोमन. ‘(अ)’ लिहिले तर प्रोग्रॅम ते अग्रक्रम मानीत नाही, आणि देवनागरी आकड्यांत लिहिलेला दिनांक त्याच्या लेखी दिनांक नव्हेच. हे खरे आहे. परंतु ही चिन्हे मजकुराचा भाग नाहीत, मजकुराविषयीच्या खुणा आहेत. आणि खूण मजकुराच्या लिपीहून वेगळ्या लिपीत असणे हा दोष नसून सोय आहे. इंग्रजीत एक्स-अक्षराने आरंभ होणारे शब्द आहेत, म्हणून त्या अक्षरापुढे मोकळी जागा सक्तीची करावी लागली. मराठी ओळीत हा घोटाळा उद्भवूच शकत नाही. दिनांकाचा क्रम वर्ष-महिना-दिवस असा मोठ्याकडून लहानाकडे जातो, हाही आपल्याला नवा नाही. जुन्या कागदांतून शक, मास, पक्ष, तिथी हाच क्रम आढळतो.

@ आणि + या चिन्हांची गोष्ट मात्र अधिक विचार करण्याजोगी आहे. @ हे इंग्रजी वाचकाच्या कानात ‘ॲट’ असे वाजते. ते एक शब्दयोगी अव्ययच आहे. फक्त इंग्रजीच्या प्रकृतीप्रमाणे नामाच्या आधी येणारे. मराठीत हे नाते नामानंतर, सामान्यरूपाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लावून व्यक्त होते. त्यामुळे मराठी लिहिणारा सहजच ‘@ग्रंथालयात’ असे लिहून जातो. नात्याची खूण दोनदा पडते, एकदा पुढून आणि एकदा मागून. प्रसंगांची यादी दाखविणारी आज्ञा दिली की ‘@ग्रंथालय’ आणि ‘@ग्रंथालयात’ हे दोन वेगळे प्रसंग म्हणून उभे राहतात. ‘+प्रबंध’ आणि ‘+प्रबंधाचे’ यांचेही तेच. येथे प्रोग्रॅमला दोष देणे योग्य नाही. त्याला शब्दकोशातील शीर्षशब्दासारखे अविकारी रूप हवे आहे, आणि तेवढी शिस्त लिहिणाऱ्याने पाळावयास हरकत नाही : खुणेचा शब्द नेहमी प्रथमेच्या एकवचनात, आणि शक्यतो ओळीच्या शेवटी, म्हणजे वाक्याच्या अन्वयात तो ओढला जाणार नाही. पाणिनीच्या अनुबंधांची या ठिकाणी आठवण होते; तेही उच्चारासाठी नसून व्यवहारासाठी असतात. भेद इतकाच की आपले कार्य सुचवून अनुबंध लोप पावतो, ही चिन्हे ओळीतच राहतात.

शोधाच्या बाबतीत विकारी रूपांचा प्रश्न वेगळ्या रीतीने येतो. ‘एलएस’ला शब्द दिला की तो तुकडा ज्या ओळींत असेल त्या सर्व दिसतात. ‘पुस्तक’ शोधले तर ‘पुस्तकाचे परीक्षण लिहिणे’ ही ओळ सापडते, कारण सामान्यरूपात मूळ शब्द अबाधित आहे. ‘खर्डा’ शोधले तर ‘खर्ड्यातील चुका काढणे’ सापडत नाही. ‘प्रस्तावना’ शोधले तर ‘प्रस्तावनेत भर घालणे’ निसटते. ‘टीप’ शोधले तर ‘टिपा क्रमाने लावणे’. पहिल्या दोहोंवरील उपाय मात्र देवनागरीच्या संकेतनपद्धतीतच दडलेला आहे. व्यंजनातील अंगभूत अकार संकेतात स्वतंत्रपणे लिहिला जात नाही, म्हणून ‘खर्ड’ एवढेच शोधावे. ते ‘खर्डा’तही आहे आणि ‘खर्ड्या’तही. ‘प्रस्तावन’चेही तसेच. म्हणजे शोधणाऱ्याने शब्द नव्हे, प्रातिपदिकाचा न बदलणारा अंश द्यावयाचा. ‘टीप’च्या बाबतीत मुळातला स्वरच ऱ्हस्व होतो, तेथे हा उपाय लागू पडत नाही.

याहून खरोखर महत्त्वाचा प्रश्न क्रियापदाच्या रूपाचा आहे, आणि त्याकडे तक्रार करणाऱ्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. इंग्रजी कामयादीतील ओळ बहुधा क्रियापदाच्या मूळ रूपाने सुरू होते, आणि ते रूप आज्ञार्थाचेही असते. सकाळचा लेखक दुपारच्या लेखकाला आज्ञा देतो आहे असे मानावयास तेथे अडचण पडत नाही. मराठीत आज्ञार्थ वापरावयाचा तर तू, तुम्ही, आपण यांतून निवड करावी लागते. ‘पत्र लिही’ असे स्वतःला कोणी लिहीत नाही. ‘पत्र लिहा’ असे तर मुळीच नाही. मग उरतात तीन रूपे : ‘पत्र लिहावे’, ‘पत्र लिहावयाचे’ (बोलण्यातले ‘लिहायचे’) आणि ‘पत्र लिहिणे’. पहिल्यात उपदेशाचा स्वर आहे, काम टळले तरी चालेल अशी मोकळीकही आहे. दुसरे रूप सर्वांत जिवंत. त्यात ‘मला’ हा कर्ता अध्याहृत आहे व बंधनाची जाणीव आहे. पण ते कर्माच्या लिंगवचनाला बांधलेले आहे : पत्र लिहावयाचे, चिठ्ठी लिहावयाची, अहवाल लिहावयाचा. कर्म बदलले की क्रियापदाला हात लावावा लागतो. शिवाय त्याचा काळ पुढचा आहे. काम संपले आणि ओळ पूर्ण कामांच्या फाइलीत गेली की आरंभीची खूण म्हणते ‘झाले’ आणि शेवटचे क्रियापद म्हणते ‘व्हावयाचे आहे’. सहा महिन्यांनी ती फाइल वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीत हा विसंवाद खटकेल. ‘-णे’कारान्त रूप या सर्वांतून मोकळे आहे. ते क्रियेचे केवळ नाव आहे. त्याला कर्ता नको, काळ नको, लिंगवचनही नको. करण्यापूर्वी ते जितके खरे, केल्यानंतरही तितकेच. कार्यालयांच्या टिपणांत आणि सभांच्या कार्यक्रमपत्रिकांत आपण हे रूप सवयीने वापरतो व त्याला रुक्ष म्हणतो; येथे तो रुक्षपणा गुणाचा ठरतो.

क्रियापद शेवटी असण्याचे आणखी दोन परिणाम आहेत. ओळीला पुरवणी जोडण्यासाठी प्रोग्रॅममध्ये ‘अपेंड’ ही आज्ञा आहे. तिने मजकूर ओळीच्या शेवटी लागतो. इंग्रजीत हे स्वाभाविक आहे, कारण कोणाला, केव्हा, कशासाठी हे सारे क्रियापदानंतर येते. मराठीत ‘पत्र पाठविणे’ या ओळीला ‘ग्रंथपालांना’ जोडले तर ते क्रियापदाच्या मागे लोंबकळते. आपल्या वाक्यरचनेला मानवते ती ‘प्रिपेंड’ ही आज्ञा. ती अग्रक्रम व दिनांक यांना धक्का न लावता त्यांच्या लगेच पुढे मजकूर घालते, आणि ‘ग्रंथपालांना पत्र पाठविणे’ अशी नीट ओळ तयार होते. इंग्रजीतील मार्गदर्शनावरून शिकलेला विद्यार्थी तिच्याकडे वळत नाही. दुसरा परिणाम वर्णानुक्रमाचा. इंग्रजी यादी वर्णानुक्रमाने लावली की एकाच प्रकारच्या क्रिया शेजारी येतात, सर्व दूरध्वनी एकत्र, सर्व खरेदी एकत्र. मराठी यादी लावली की एकाच वस्तूविषयीची कामे शेजारी येतात. कोणते बरे, हे कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. नोंदीचा दिनांक ओळीच्या आरंभी घातला तर हा प्रश्न उरतच नाही, कारण मग क्रम लागतो तो दिनांकाचा.

क्रमवारीतील खरा अन्याय वेगळा आहे. प्रोग्रॅम क्रम लावतो तो बाइटांच्या मूल्यावरून. त्यामुळे मिश्र यादीत, अग्रक्रम व दिनांक नसतील तर, रोमन लिपीतील सर्व ओळी वर आणि देवनागरीतील सर्व ओळी खाली जातात. जे वर दिसते ते आधी होते, हा यादी ठेवणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच नंतर बसविल्याने वर्णमालेतील त्याचे ‘ह’नंतरचे स्थान गेले, अशी तक्रारही कोणी करील, पण ळकाराने आरंभ होणारा शब्दच मराठीत नाही, तेव्हा यादीच्या क्रमात त्याने पडणारा फरक नगण्य आहे.

नगण्य नाही तो दुहेरी संकेतनाचा प्रश्न. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातील अर्धा रकार दोन रीतींनी लिहिला जातो : ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. छापल्यावर किंवा पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. बाइट मात्र निराळे. एका कळफलकाने लिहिलेली ‘दुसऱ्या प्रकरणाचा खर्डा’ ही ओळ दुसऱ्या कळफलकाने शोधली तर सापडणार नाही, आणि न सापडण्याचे कारण डोळ्यांना कधीही दिसणार नाही. ‘ॲ’चीही तीच अवस्था : ते एक अखंड अक्षर म्हणून लिहिता येते, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. मराठी यादीला जर काही खरोखर बाधत असेल तर ते हे. दोष टूडू-टेक्स्टचा नव्हे. पण जी पद्धती केवळ जुळणीवर उभी आहे तिच्यात तो सर्वांत महाग पडतो. उपाय फाइलीवर आहे : मधूनमधून एका ‘सेड’च्या ओळीने सर्व रूपे एकसारखी करून घ्यावी. विभागात एकच रूप प्रमाण मानावे हे उत्तम.

येथपर्यंतचे दोष सवयीने अथवा थोड्या खटपटीने दूर होण्याजोगे आहेत. उरतो तो दोष मराठीचा नाही, इंग्रजीचाही नाही, आणि तोच प्रस्तुत लेखकाला सर्वांत गंभीर वाटतो. प्रोग्रॅम कामाला नाव देत नाही, क्रमांक देतो. आणि तो क्रमांक म्हणजे फाइलीतील ओळीचे स्थान. समजा पाच ओळी आहेत : १ मुद्रिते तपासणे, २ ग्रंथपालांना पत्र पाठविणे, ३ ध्वनिमुद्रणे उतरवून घेणे, ४ परीक्षकांचे अभिप्राय जुळविणे, ५ शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे. दुसरे आणि चौथे काम झाले आहे. ‘डू २’ अशी आज्ञा दिली. मूळ मांडणीनुसार पूर्ण झालेली ओळ तत्काळ दुसऱ्या फाइलीत जाते आणि खालच्या ओळी एकेक स्थान वर सरकतात. आता ‘डू ४’ म्हटले की खूण पडते ती शिष्यवृत्तीच्या अर्जावर. अर्ज भरलेला नाही. पण तो पूर्ण कामांत गेला, यादीतून नाहीसा झाला, आणि अभिप्रायांची ओळ तिसऱ्या स्थानी तशीच राहिली. कोणत्या ओळीवर खूण पडली हे प्रोग्रॅम छापून दाखवितो, नाही असे नाही. पण सवयीने आज्ञा देणारा ते वाचतोच असे नाही.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथे काय झाले? लिहिणाऱ्याने ‘४’ हे विशेषनाम समजून वापरले; ते वस्तुतः दर्शक सर्वनाम होते. येस्पर्सनने १९२२ साली ‘शिफ्टर’ ही संज्ञा योजली आणि याकोब्सनने १९५७ साली तिचा विस्ताराने विचार केला. ज्यांचा निर्देश उक्तीच्या प्रसंगावाचून ठरत नाही अशा ‘मी’, ‘तू’ यांसारख्या शब्दांचा तो वर्ग आहे. ओळीचा क्रमांक त्याच कुळातला : ‘आत्ता दिसते आहे त्या यादीतले चौथे’. यादी बदलली की प्रसंग बदलला. हे मान्य केले म्हणजे प्रोग्रॅमची इतर वर्तने बोलकी होतात. ‘डू २ ४’ असे एकाच आज्ञेत लिहिले तर दोन्ही खुणा बरोबर पडतात. एका उक्तीत प्रसंग एकच राहतो. ‘डेल’ने ओळ खोडली तर मूळ मांडणीत तिची जागा रिकामी ठेवली जाते, इतरांचे क्रमांक ढळत नाहीत, शिवाय आधी विचारले जाते. खोडताना इतकी काळजी आणि पूर्ण करताना नाही, ही विसंगती आहे. पूर्ण झालेल्या ओळी आपोआप हलविणे बंद करण्याची सोय मांडणीत आहे. नवशिक्याने पहिल्या दिवशी ती वापरावी.

‘टास्कवॉरियर’ने, जो २००८ सालापासून प्रचारात आहे, प्रत्येक कामाला तात्पुरत्या क्रमांकाबरोबर एक कायमचे, न बदलणारे ओळखचिन्हही दिले. म्हणजे तेथे सर्वनामही आहे आणि विशेषनामही. पण त्याची किंमत पाहा : २०२४ साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्याची नोंद साध्या मजकुरात राहिली नाही, एसक्यूलाइटच्या माहितीसाठ्यात गेली. डोळ्यांनी वाचावयाची कीर्द तेथे संपली. कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ साली सुरू केलेला ‘ऑर्ग-मोड’ साध्या मजकुरावर कायम आहे, आणि त्यात कामाच्या अवस्थांचे शब्द वापरणाराच ठरवितो, म्हणून ‘करणे’ आणि ‘झाले’ असे मराठी शब्दही चालतात. परंतु तो खऱ्या अर्थाने वापरावयाचा तर ईमॅक्स हा संपादक शिकावा लागतो, आणि आपल्या विद्यार्थ्यांपैकी थोडेच त्या वाटेला जातील. टूडू-टेक्स्टमध्येही ओळीत ‘नाव:मूल्य’ अशी जोडी लिहिण्याची मुभा आहे. तिचा उपयोग करून महत्त्वाच्या कामांना स्वतःचे नाव देता येते, आणि आज्ञा देण्यापूर्वी त्या नावाने शोधून क्रमांक ताजा करून घेता येतो. हे ओबडधोबड आहे. पण फाइल वाचनीय राहते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्हींतून एकच निवडावयाचे तर वाचनीयता निवडावी.

एक अभ्यासविषय मात्र येथे सुचवितो. पूर्ण कामांच्या फाइलीत प्रत्येक ओळीस पूर्णतेचा दिनांक असतो, नोंदीचाही ठेवता येतो. मराठीत यादी ठेवणाऱ्या दहाबारा जणांच्या अशा वर्षभराच्या फाइली मिळाल्या तर ‘-णे’ आणि ‘-आयचे’ या रूपांची वाटणी व्यक्तीवर अवलंबून आहे की कामाच्या प्रकारावर, घाईत क्रियापद गाळले जाते का, ‘-आयचे’मधील लिंगवचनाचा मेळ नोंदीत टिकतो की ‘-आयचे’ हेच रूप सर्वत्र पसरते, हे पाहता येईल. कर्ता नसलेल्या, वाचक नसलेल्या लेखनाचा असा दिनांकित साठा अन्यत्र सहजी मिळणे कठीण. फाइली मालकाच्या संमतीने, आणि व्यक्तींची नावे वगळूनच घ्याव्या लागतील. कामयादीत माणसे फार असतात.